दुसऱ्या सफाईआधी बीटा एचसीजी बघा

वहिनींच्या बाळंतपणाला अडीच महिने झाले, एकदा गर्भाशयाची सफाई (क्युरेटिंग) झाली तरी अंगावरून रक्त जातंच आहे आणि इंदूरच्या डॉक्टर पुन्हा सफाई सुचवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वारेतून येणारं हार्मोन, तपासून घ्या, आकड्यासकट. बाळंतपणानंतर ते साधारण महिनाभरात उतरायला हवं. अजून सापडलं तर वारेचा तुकडा राहिला असेल, पुन्हा दिवस गेले असतील, किंवा कोरिओकार्सिनोमा, म्हणजे वारेच्या पेशींचा कॅन्सर असेल. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर तो साधारण 50 हजारांत एखादीला होतो, म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. एचसीजी अफाट असलं की ती निगेटिव्ह दाखवू शकते.

पहिल्या सफाईतला तुकडा तपासणीला गेला होता का? गेला असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलला दुसऱ्या मतासाठी तेच लागतात (अवंतिका एक्सप्रेसनं एका रात्रीचा प्रवास). योनिमार्गात निळसर-लाल गाठ दिसली तर तिचा तुकडा काढू देऊ नका, रक्त आवरत नाही. निदानाला तुकडा लागतोच असं नाही. एचसीजी आणि स्कॅनवरही उपचार सुरू होतात.

पुढे सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे. फुफ्फुसात डाग असतील तर मेंदूचा एमआरआय. मग फिगोचे गुण मोजतात, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं ठरवलेले धोक्याचे गुण. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाचे 2 गुण आधीच पडतात, यकृत किंवा मेंदूत पसरला असेल तर आणखी 4. एकूण 6 पर्यंत कमी धोका: मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध 50 मि.ग्रॅ. स्नायूत 1, 3, 5, 7 व्या दिवशी, मधल्या 2, 4, 6, 8 व्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारं फोलिनिक ॲसिड 15 मि.ग्रॅ., दर दोन आठवड्यांनी. फोलिनिक म्हणजे गरोदरपणातली फोलिक गोळी नव्हे! ही गल्लत केमिस्टकडेही होते, आणि फोलिकची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. 7 किंवा जास्त गुण असतील तर पाच औषधांची ईएमए-सीओ केमो लागते. प्रत्येक फेरीआधी रक्तपेशी, यकृत, किडनी तपासतात. अंगावरचं दूध थांबवावं लागतं.

एचसीजी सामान्य झालं म्हणून इंजेक्शनं बंद करायची नाहीत, त्यानंतरही दोन-तीन फेऱ्या देतात. मग वर्षभर दर महिन्याला एचसीजी, आणि तेवढा काळ दिवस राहू द्यायचे नाहीत, नाहीतर वाढलेला आकडा गर्भाचा की आजाराचा हे कळत नाही. गर्भाशय बहुधा वाचतं.

निदान पक्कं झालं तर बाळाचंही एचसीजी एकदा बघतात. वहिनींना खोकल्यातून रक्त, धाप, फिट किंवा अचानक जोरात डोकेदुखी झाली तर तारखेची वाट न बघता थेट इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.