वडिलांची बारा बोअर कोणत्या भावाच्या नावावर होईल?

तुमचा प्रश्न असा: वडील दोन महिन्यांपूर्वी गेले, त्यांची परवान्याची बारा बोअर बंदूक गावच्या घरातच आहे. ती पुण्यातल्या मोठ्या भावाच्या नावावर करावी की १९ वर्षांच्या धाकट्याच्या?

आधी बंदूक घराबाहेर काढा. बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही. तो वडिलांबरोबर संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा व्हायला हवी. विनापरवाना बाळगल्यास २ ते ५ वर्षं कैद आहे. 'बाबांचीच होती' हा बचाव होत नाही. ठाण्यात आधी फोन करा, बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत न्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. काडतुसं हमखास कपाटात विसरली जातात, तीही जमा करायची आहेत.

धाकट्याचा विचार सोडा, याच अधिनियमाच्या कलम ९ ला २१ वर्षं पूर्ण लागतात. मोठ्याच्या बाबतीत तीन गोष्टी तपासा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यावरही पाच वर्षं मनाई. चॅप्टर केसमध्ये (शांतता राखण्यासाठी होणाऱ्या प्रतिबंधक कारवाईत) चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून दिलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत मनाई; भावकीच्या भांडणातलं हे बंधपत्र लोक साफ विसरतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाकडे दोनच बंदुका, वारशाची धरून. नुसता खटला चालू असणं कलम ९ मध्ये बसत नाही, पण पोलीस अहवाल प्रतिकूल आला की अर्ज तिथेच अडतो.

शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ वारसासाठी मोठी सोय आहे: जिवाला धोका असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. अर्ज नमुना ए-१ मध्ये, भाऊ राहतो तिथे, म्हणजे पुणे पोलीस आयुक्तांकडे; आयुक्तालय नसतं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. बाकी सर्व वारसांचं ना हरकत लागतं. आईचं आणि लग्न झालेल्या बहिणीचंही घ्या, फाइल बहुधा तिथेच परत येते.

नकार आला तर कारणं लेखी मागा (कलम १४) आणि कलम १८ खाली अपील करा. कोणालाच नको असेल तर जमा ठेवलेली बंदूक ठरलेल्या मुदतीत परवानाधारकाला विका. मुदत उलटली की ती सरकारजमा होते.