एका दिवसात सोलापूर: कुठे उतरायचं, कुठे नाही

एका दिवसात सोलापूर बघून होतं, घाबरू नका. फक्त यादी छोटी ठेवा. प्रत्येक चौकात उतरायला गेलात तर निम्मा दिवस रिक्षा शोधण्यातच जाईल.

सकाळी लवकर सिद्धेश्वर मंदिर गाठा. मंदिर तळ्यात आहे, आणि उन्हाळ्यात ऊन चढलं की अनवाणी पायांना फरशी अशी चटकते की दर्शन पळतपळतच उरकावं लागतं. भुईकोट किल्ला शेजारीच, तेवढ्यासाठी रिक्षा कशाला? चालत जा. तिथून चार हुतात्मा चौक. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांचे पुतळे तिथे आहेत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रिक्षात बसण्याआधी ‘मामा, सीट का स्पेशल?’ (म्हणजे इतरांसोबत एक जागा, की अख्खी रिक्षा) हे विचारत नाहीत. नंतर भाड्यावरून वाद.
- चादर सकाळीच घेतात. खरी सोलापुरी चादर वजनाला चांगली दणकट असते, जोडी घेतली की दिवसभर ओझं काखेत! खरेदी संध्याकाळी, परतीच्या वाटेवर.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र कधीही घ्या, टिकतात. आणि अक्कलकोट, पंढरपूर याच दिवसात कोंबू नका. त्यांचं पुढच्या वेळी बघू.