वाचकांचे प्रश्न : काडतूस बसते, म्हणून चालते काय?

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात पणजोबांचे वेब्ले रिव्हॉल्व्हर आहे. परवाना वडिलांच्या नावे आहे. सांगाड्यावर रोमन आकड्यात ‘एक’ कोरलेला आहे. ०.४५५ची नवी काडतुसे त्यात सहज बसतात. मग एक-दोन बार काढून पाहण्यास हरकत आहे काय?
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर : हरकत आहे. काडतूस बसते यावरून फक्त मापे जुळतात एवढेच कळते. हे पहिले मॉडेल ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले, तेव्हा त्याच्या काडतुसात काळी दारू भरली जात असे. कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूची काडतुसे त्यानंतर सात वर्षांनी, १८९४ मध्ये आली.

काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळली की निम्म्याहून अधिक वजन धूर आणि काजळीच्या रूपाने घनच राहते. बिनधुराच्या दारूचा मात्र जवळजवळ सगळा वायू होतो, आणि दाब वाढेल तसा तिचा जळण्याचा वेग वाढतो व त्या वेगाने दाब आणखी चढतो. म्हणूनच कॉर्डाइट भरताना त्याचे वजन काळ्या दारूच्या निम्म्याहूनही कमी ठेवावे लागले. एवढीशी दारू काडतुसाच्या मोठ्या पुंगळीत (दारू भरलेल्या धातूच्या नळीत) नीट जळेना, म्हणून १८९७ मध्ये पुंगळीच आखूड करण्यात आली. आपली नवी काडतुसे ‘सहज’ बसतात त्याचे कारण हे! पुढे १९१३च्या पाचव्या मॉडेलमध्ये बिनधुराच्या दारूसाठी सिलिंडरचा (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाचा) व्यास थोडा वाढवला गेला. आपल्या नगात ती सोय नाही.

सिलिंडर बाहेरून न्याहाळावे. ते जागच्या जागी अडकावे म्हणून कोरलेली खाच काडतुसाच्या घरावरच येते आणि भिंत तेथे सर्वांत पातळ असते. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे बार काढल्यावर शस्त्र पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल द्यावे लागे. ते राहून गेले असेल आणि वर पुण्याचे इतके पावसाळे गेले असतील, तर घरांत आतून गंजाचे खड्डे असणार. पहिला बार सुखरूप निघाला तरी धातूला पडलेली सूक्ष्म चीर डोळ्यांना दिसत नाही.

‘एनपी’ (नायट्रो प्रूफ) ही चाचणीच्या ठशाची अक्षरे नळीवर किंवा सिलिंडरवर असतील, तर बिनधुराच्या दारूची चाचणी कधीकाळी झाली होती, एवढेच म्हणता येईल. आजच्या स्थितीची ती हमी नव्हे. परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तपासणी करून घ्यावी आणि परवान्याचे नूतनीकरण चुकवू नये, कारण १९५९च्या शस्त्र कायद्यातील पुराण-शस्त्रांची सूट दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या शस्त्रांनाच लागू आहे.

आणि कृपया पॉलिश पेपर लावू नये. आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत घरातले सगळे लखलखीत करण्याची हौस असते. तिच्यात हे ठसेच आधी पुसले जातात.