मन हातात नाही, परिस्थितीही हातात नाही, मग जबाबदारी माणसाची कशी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की धाकट्या भावाने भांडणात शेजारच्या दुकानाची काच फोडली आणि आता घरात दोन पक्ष पडलेत. आई म्हणते, पोरगा तापट आहे, वडिलांवर गेला, त्यात घरचं वातावरण हे असं. काका म्हणतात, सगळी नाटकं आहेत, अक्कल काय गहाण ठेवली होती? आणि तुम्ही विचारताय की मन आपल्या ताब्यात नाही, परिस्थिती तर नाहीच नाही, मग सगळा भार बिचाऱ्या विवेकावर टाकणं अन्याय नाही का.

मी काही तत्त्वज्ञान शिकलेला माणूस नाही. नागपुरात मानेवाडा रोडला माझं कूलरचं दुकान आहे, नवीन बनवतो आणि जुने दुरुस्त करतो. पण एका मे महिन्यात या प्रश्नाने मला चांगलंच धुतलं, म्हणून लिहितो.

नवतपा चालू होता. 25 मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पुढचे नऊ दिवस आमच्याकडे आग ओततात. पारा 45 च्या वर असतो आणि कूलर बंद पडला की लोक घरात कोणी अत्यवस्थ असल्यासारखे फोन करतात. सकाळी सहापासून फोन. ताट्या बदला, पंप बदला, पंखा घरघर करतोय. माझ्याकडे एक पोरगा होता, 19 वर्षांचा, नुकताच आयटीआय करून आलेला. त्या दिवशी मी त्याला 14 घरांची यादी दिली.

संध्याकाळी त्रिमूर्तीनगरच्या एका काकूंच्या घरून फोन आला. चालू कूलरमध्ये बादलीने पाणी टाकायला गेल्या आणि झटका बसला. नशीब, मागे फेकल्या गेल्या. हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. मी जाऊन बघितलं. पोराने नवीन पंप नीट बसवला होता, पण पंपाच्या वायरीचा जोड टाकीच्या पत्र्याला लागत होता. तेवढ्यानेही काही बिघडलं नसतं, कारण अशा वेळेसाठीच तिसरी, हिरवी वायर असते. बॉडीत उतरलेला करंट ती जमिनीत नेते आणि घरात 30 मिलीअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारं बटण, असेल तर ते तिथल्या तिथे पडतं. काकूंचं घर जुनं, आरसीसीबी नाही. आणि गॅलरीतला बोर्ड टू-पिन, म्हणून पोराने थ्री-पिन काढून टू-पिन लावली होती. हिरवी वायर कापून, टेप मारून, आत दुमडून ठेवलेली. पाणी भरून, पंप चालू करून बॉडीला टेस्टर लावलं असतं तर दिवा पेटला असता. दीड मिनिटाचं काम.

दुकानात येऊन मी त्याला गिऱ्हाइकांसमोर झापझाप झापलं. माणूस मेला असता म्हटलं, तुला अक्कल नाही म्हटलं, दिवसाची रोजी कापली. तो खाली मान घालून उभा होता. मग हळूच बोलला, "भाऊ, तुमीच त सकाळी म्हटलं, टेस्टिंगमंदी टाइम घालवू नको म्हून."

म्हटलं होतं मी तसं.

त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतःला सांगत होतो की ऊन असं, सीझन असा, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली, चिडचिड होणारच. म्हणजे माझ्यासाठी परिस्थिती. पण त्या पोराच्या बाजूने बघितलं तर त्याची परिस्थिती कोण होतं? मीच. 14 घरांची यादी मी लिहिली, टेस्टिंग नको असं मी बोललो, थ्री-पिनचे नवे बोर्ड गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून मी गाडीत ठेवत नव्हतो. तुमच्या प्रश्नात परिस्थिती पावसासारखी आभाळातून पडते. ऊन पडतं आभाळातून, कबूल. पण आपल्याला घेरणारी बरीचशी परिस्थिती ही कोणाच्या तरी हातची असते, आणि कित्येकदा दुसऱ्याला घेरणारी आपल्या हातची.

पोराची चूक मग शून्य का? नाही. वायर कापताना त्याला माहीत होतं. आयटीआयमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. पण आमच्या दोघांत मोठा वाटा माझा, कारण यादी लिहिताना सकाळचे साडेसहा वाजले होते. माझं डोकं थंड होतं, समोर चहा होता. त्याने वायर कापली ती दुपारी तीनला, अकराव्या घरी, गॅलरीच्या पत्र्याखाली.

हीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. चूक घडली त्या क्षणी माणसाचं मन किती ताब्यात होतं यावर लोक भांडत बसतात. मला वाटतं हिशेब त्याच्या आधीच्या वेळेचा करावा, डोकं ठिकाणावर होतं तेव्हाचा.

आपला कायदाही साधारण असाच हिशेब करतो, हे मला आमच्या दुकानावर चहाला येणाऱ्या एका वकिलांनी समजावलं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिचं कलम 22, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 84, सांगतं की मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळू शकत नाही त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचंही नाही. नशेचं मात्र वेगळं आहे. कोणी तुम्हाला न कळत किंवा जबरदस्तीने पाजली आणि शुद्ध हरपली तर सूट मिळते. स्वतःच्या हाताने प्यायलात तर ती नाही, कारण पहिला घोट घेताना तुम्ही शुद्धीवर होता.

रागाचंही तेच. अचानक आणि गंभीर चिथावणीने तोल गेला तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधापर्यंत खाली येऊ शकतो. 1959 चा मुंबईचा नानावटी खटला तुम्हाला ऐकून माहीत असेल. नौदलातल्या अधिकाऱ्याला पत्नीने दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्याने बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर घेतलं आणि मग त्या माणसाच्या घरी गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये वेळेकडे बोट दाखवलं. दुपारी दीडला घर सोडलं, गोळ्या झाडल्या 4 वाजून 20 मिनिटांनी. राग खरा असेल, पण डोकं ताळ्यावर यायला मधे पुरेसा वेळ होता. जन्मठेप कायम राहिली. (पुढे राज्यपालांनी माफी दिली, तो वेगळा किस्सा.)

आता काकांच्या "अक्कल कुठे गेली होती" या पक्षाबद्दल. अक्कल खरंच कुठेतरी जाते हो! सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाच्या हातून कामात तेवढ्याच चुका होतात जेवढ्या रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना, हे 1997 मध्ये मोजून दाखवलं गेलंय. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे. म्हणजे सीझनमध्ये रात्री अकराला शिडीवर चढलेला माझा मिस्त्री एका अर्थाने प्यायलेलाच असतो, आणि त्याला मी पाजलेली असते.

आणि हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मेमध्ये दुपारी नागपूरच्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा. दिवा लाल झाला की गाड्या रेषेपाशी येत नाहीत, मागे जिथे कडुनिंबाची सावली असेल तिथे थांबतात. झाड नसलेल्या चौकात तेच लोक इकडेतिकडे बघून सटकतात. जिथे वर हिरवी जाळी बांधली तिथे पुन्हा निमूट उभे. एवढ्या लोकांचा स्वभाव एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत बदलला म्हणायचा का? तरी टळटळीत उन्हात एखादा म्हातारा सायकलवाला डोक्यावर दुपट्टा बांधून रेषेच्या मागे एकटा उभा असतोच. त्याला बघून मला कायम थोडी लाज वाटते, कारण मी सटकणाऱ्यांतला आहे.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. भरपूर प्यायचे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीच्या गर्दीत तेही होते. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची एक आहे. आजी सांगायची, शपथ घेऊन आले, पण मिलमधून यायचा रस्ता भट्टीवरूनच. दोनदा पाय घसरला. मग आजोबांनी रस्ता बदलला, मैलभर फेऱ्याने यायला लागले. आणि आजीला म्हणाले, "पगाराच्या दिवशी तू फाटकावर येत जा. त्या दिवशी माह्यावर भरोसा नको ठेवू." आजी कितीतरी वर्षं पगाराला फाटकावर जायची. तुम्ही ज्याला विवेक म्हणता, तो मला आजोबांच्या त्या वाक्यात दिसतो. भट्टीसमोर उभं राहून मनाशी कुस्ती खेळण्यात ते दोनदा हरले होते, म्हणून त्यांनी आखाडाच बदलला.

तर तुमच्या भावाकडे या. दगड उचलला त्या सेकंदावरून आई आणि काकांना भांडू द्या. तुम्ही त्याला दुसरंच विचारा. बाचाबाची आणि काच यांच्यात किती वेळ गेला? घरी येऊन तो पुन्हा गेला का? या आधी असं झालं होतं का, आणि झालं असेल तर त्यानंतर त्याने काय बदललं? पहिल्यांदाच घडलं असेल तर मी आईच्या बाजूला थोडा झुकेन. तिसऱ्यांदा असेल, आणि आपण तापट आहोत हे त्याला पक्कं माहीत असूनही तो रोज त्याच पानठेल्यावर त्याच लोकांशी वाद घालायला जात असेल, तर स्वभावाचं कारण मी ऐकणार नाही. काचेचे पैसे दोन्ही बाबतीत त्यानेच भरायचे, दुकानदाराला तुमच्या घरच्या वातावरणाशी काय घेणं? राग उतरल्यावर आपण काय केलं हेच त्याला आठवत नसेल किंवा असं वारंवार होत असेल, तर दोन्ही पक्षांनी गप्प बसून त्याला डॉक्टरांकडे न्यावं.

आणि काकांनाही एक विचारा, घरातलं "वातावरण" कोण कोण तयार करतं म्हणून. तुमच्या तीन ओळींत वडिलांचा राग येतो, काकांचा आवाज येतो, तुमच्या भावाची बाजू कुठेच येत नाही.

माझ्याकडच्या पोराची रोजी मी दुसऱ्या दिवशी परत दिली. काकूंकडे थ्री-पिन बोर्ड आणि आरसीसीबी आपल्या खर्चाने बसवलं. आता दिवसाला नऊच घरं, आणि टेस्टर लावल्याचा फोटो आल्याशिवाय पुढचा पत्ता पाठवत नाही. मागच्या नवतप्यात दहावा फोन आला तेव्हा त्याने परस्पर सांगून टाकलं, "आज नाही जमत काकू, उद्या सकाळी येतो." मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. गिऱ्हाईक गेलं म्हणून जीव चरफडला, पण गप्प बसलो.