संख्याशास्त्राच्या पदवीनंतर डेटा सायन्स?

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली असून आता डेटा सायन्समध्ये एम.एस्सी. करू म्हणते. हे संख्याशास्त्राचेच नवे नाव आहे की संगणकशास्त्राची शाखा? (एक पालक, सातारा)

उत्तर : दोन्ही नाही, पण दोघांशीही त्याचे रक्ताचे नाते आहे. प्रत्यक्ष आकडेवारीचे विश्लेषण हा गणिती संख्याशास्त्रापेक्षा मोठा विषय आहे, असे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९६२ मध्येच मांडले होते. माहिती साठवणे, साफ करणे, जोडणे ही कौशल्ये संगणकशास्त्राकडून आली. मशीन लर्निंग म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला नियम शोधायला लावणे. ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे अंग आहे आणि डेटा सायन्सचे एक हत्यार.

मात्र हाती आलेला आकडा मुळात कसा जन्मला, हा प्रश्न संख्याशास्त्राचा, आणि माझ्या मते तोच या विषयाचा कणा आहे. आपल्याच जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे काम पाहा. पीक किती येते याचा अंदाज घेण्यासाठीच्या पीक कापणी प्रयोगात शेतातील एक तुकडा यदृच्छेने निवडून, आखून, त्यातील पीक कापतात, मळतात आणि धान्याचे वजन करतात. हा तुकडा केवढा असावा, यावर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांचे मतभेद होते. फार लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न फुगून येते, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. काठावरचे रोप आत की बाहेर अशी शंका आली, की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितका क्षेत्राच्या मानाने त्याचा काठ जास्त. असे हजारो तुकडे कापले तरी ही चूक जात नाही, आणि ते आकडे संगणकाला शिकवले तर तोही फुगलेलेच उत्पन्न सांगेल.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम हाती घेऊन नमुना निवड आणि प्रयोगांचे संकल्पन (प्रयोग कसा आखायचा) हे विषय त्यात आहेत का, ते पाहा. केवळ सॉफ्टवेअरची नावे असतील तर तो सोडून द्यावा. तेवढे पायथन (संगणकाची भाषा) आणि एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्याची भाषा) आपली मुलगी संख्याशास्त्रातच एम.एस्सी. करतानाही शिकू शकेल.