दापोलीजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत दोघांना महिन्याला २५,००० पुरतील का?

तुम्ही लिहिलंय की आई (६७) आणि बाबा (७१) ठाणं सोडून दापोलीकडे, समुद्राजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जायचं म्हणतायत. विक्री कार्यालयातले लोक "दोघांचं २५,०००त आरामात भागतं" असं सांगतात. हा आकडा धरून चालायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

नका धरू. आम्ही दोघं (मी ६९, हे ७४) जानेवारी २०२० पासून याच तालुक्यात अशाच एका वसाहतीत राहतोय. मी डोंबिवलीला शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे रोजचा खर्च वहीत लिहायची जुनी सवय आहे. २०२५ ची वही समोर ठेवून हे उत्तर लिहितेय. आमची वर्षभराची सरासरी महिन्याला ४८,३५० रुपये आली.

गंमत अशी की २५,००० हा आकडाही माझ्या वहीत आहे. देखभाल शुल्क ९,८८०, दुपारच्या जेवणाची मेस ५,७२०, दूध-भाजी-किराणा ७,०००, वीज १,१००, गॅस ४००, फोन-इंटरनेट ९००. बेरीज बरोबर २५,०००. फक्त हा जानेवारी आहे. जानेवारीत कोकणात पंखासुद्धा लागत नाही, विहिरीला पाणी असतं, भिंती कोरड्या असतात आणि पाहुणे आपापल्या घरी असतात. तुम्हाला खोटं सांगितलं नसेल, पण जे सांगितलं ते एका महिन्याचं. इथला खर्च महिन्याने चालत नाही, ऋतूने चालतो. म्हणून आधी वर्षाचा हिशेब मांडा आणि मग बाराने भागा.

वर लिहिलेल्यात दर महिन्याचेच पण सांगायचे राहून जाणारे खर्च घाला. विजेची वर्षाची सरासरी १,७०० पडते, कारण मे महिन्यात एसी लागतोच आणि महावितरणचा दर १०० युनिटांच्या पुढे चढत जातो. मासे आणि फळं २,५००. भांडी-लादीला येणाऱ्या बाई १,८००. दोघांची औषधं ४,२००. रिक्षा आणि किरकोळ प्रवास १,५००. एवढ्यानेच आकडा ३५,६०० वर जातो.

आता वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. मे संपता संपता आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी होते: तांदूळ, कुळीथ, मसाला, आमसुलं, सोडे, सुकट. ही हौस समजू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पावसात रस्ते अडतात, भाजी महागते, तेव्हा बेगमी लागतेच. आमचे ९,००० गेले. पाणी हा नव्या माणसाला सर्वांत बुचकळ्यात टाकणारा विषय आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्यातून तो झिरपून निघून जातो आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला लागते. टँकरची वर्गणी देखभाल शुल्कात नव्हती, वेगळी मागितली गेली. आमच्या वाट्याला १,५०० आले.

आणि खारी हवा. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण ठाण्यात राहून याची कल्पना येत नाही. समुद्रापासून आम्ही चालत दहा मिनिटांवर आहोत. इथे लोखंड टिकत नाही. खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी घासून रंगवावे लागतात, गॅसच्या शेगडीचे बर्नर सडतात, कडी-कोयंडा गंजून बसतो, एसीच्या बाहेरच्या पेटीची जाळी खाऊन गॅस उडून जातो. आमचं हे एसीचं काम पाच वर्षांत दोनदा झालं. पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल येते, कपाटातल्या साड्यांवर आणि पुस्तकांवर बुरशी धरते. गॅलरीला दरवर्षी ताडपत्री बांधायला माणूस लावावा लागतो. इन्व्हर्टरची बॅटरीही याच खात्यात येते, आणि तिच्याशिवाय राहायचा विचारही करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे लागले. सामायिक जनरेटर होता, पण त्याच्या डिझेलचे पैसे नंतर घरटी वाटून आले. करारात "अत्यावश्यक खर्च प्रत्यक्षानुसार" अशी एक ओळ होती, ती मी सही करताना वाचली होती आणि तिचा अर्थ विचारला नव्हता. तुम्ही विचारा. दुरुस्तीपोटी मी वर्षाला २४,००० धरते. कधी १०,००० लागतात, कधी ४०,०००.

गणपती आणि मे महिन्यातले पाहुणे, २५,०००. ही रक्कम कमी करता येईल, पण करू नये असं माझं मत आहे. नातवंडं आंबे खायला आली नाहीत तर समुद्राजवळ राहायचं कशाला? आहेर-कपडे १५,०००. तपासणीसाठी मुंबईच्या फेऱ्या १२,०००. घरपट्टी ४,५००. हे सगळे वार्षिक खर्च मिळून ९१,००० होतात, म्हणजे महिन्याला ७,५८०. आरोग्यविम्याचा हप्ता दोघांचा ६२,०००, महिन्याला ५,१७०. एवढं मिळवलं की ४८,३५०.

विम्याबाबत दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी काढला आहे, तेव्हा जुन्या पावतीवरून अंदाज करू नका. आणि बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या खिशातूनच येतात. मोठं काही असलं की आम्ही चिपळूणजवळ डेरवणच्या रुग्णालयात जातो. गाडी ठरवावी लागते, तो खर्च प्रवासात धरा. एसटीत मात्र बराच दिलासा आहे: ६५ पासून अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाले की मोफत.

देखभाल शुल्काकडे वेगळं बघा, कारण पुढची पंधरा वर्षं तेच तुमचा हिशेब बिघडवेल किंवा सांभाळेल. आमचं २०२० मध्ये ५,७०० होतं. दरवर्षी ८ टक्के वाढ लिहिलेली आहे, त्यामुळे २०२५ मध्ये ८,३७५ झालं आणि वर १८ टक्के जीएसटी. सोसायटीच्या देखभालीला सभासदामागे महिना ७,५०० पर्यंत जी सूट असते ती सोसायटीसाठी आहे. सेवा चालवणारी कंपनी असेल तर ती मिळेल असं गृहीत धरू नका. ८ टक्क्यांनी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. उत्पन्न तसं वाढत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात, म्हणजे महिन्याला २०,५००. पाच वर्षं तो आकडा तसाच राहतो. २०२५ च्या हिशेबाने तो आमचं देखभाल शुल्क दोनदा भरून उरतो. नऊ वर्षांनी जेमतेम पुरेल.

घर विकत न घेता ठेव देऊन राहायचं असेल तर अडकलेल्या ठेवीचं बुडालेलं व्याजही खर्चात लिहा. १० लाख बिनव्याजी दिले तर याच दराने महिन्याला सुमारे ६,८३० रुपये सुटले. ठाण्याचं घर ठेवणार असलात तर तिथली सोसायटीची वर्गणी आणि कर चालूच राहतील.

मेसबद्दल एकच प्रश्न विचारा: खाडा धरतात का? आमच्याकडे महिन्याला किमान २० दिवसांचे पैसे घेतातच. महिनाभर मुलाकडे राहून आलो तरी घेतले.

आता जे लिहायला जड जातंय ते. दोघांचा खर्च काढलात की एकट्याचाही काढा, आई-बाबांच्या समोर बसून. शेजारच्या काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना वाटलं होतं खर्च अर्धा होईल. देखभाल शुल्क घरामागे असतं, ते तेवढंच राहिलं. बाई, फोन, गज-ओल-बॅटरी सगळं तेवढंच. पेन्शन मात्र कुटुंब निवृत्तिवेतनावर आली. काकूंची ओढाताण बघून मी आमचं गणित मांडलं तर एकट्याला ३४,००० लागतील असं निघालं, म्हणजे सत्तर टक्के. त्यात रात्री सोबतीला बाई ठेवायची वेळ आली तर इथे बारा तासांच्या पाळीला ६५० रुपये चाललेत, महिन्याला १९,५००. हे गणित मी ह्यांना दाखवलं तेव्हा दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. पण मग ह्यांच्या नावावरच्या ठेवी माझ्याही नावावर आल्या, नॉमिनी तपासून झाले, आणि मला झोप नीट लागायला लागली.

तुमच्या आई-बाबांसाठी आकडे काढताना माझे आकडे उचलू नका. त्यांच्या बँकेच्या पासबुकावरून गेल्या बारा महिन्यांचा ठाण्यातला खर्च काढा. त्यातलं काय देखभाल शुल्कात जाईल ते खोडा (पाणी, सफाई, पहारेकरी), आणि मी लिहिलेलं कोकणचं जे आहे ते नव्याने घाला. शिवाय घर बुक करण्याआधी तिथेच भाड्याने एक महिना काढून बघा, जुलैचा.

आईंना मासे लागतात का, बाबा अजून गाडी चालवतात का आणि शुल्क घरामागे आहे की माणसामागे, एवढं कळवलंत तर मी त्यांच्यापुरता हिशेब मांडून देते.