सुरक्षा प्रशिक्षण यंत्रापाशीच घ्या

प्रश्न : आमच्या कारखान्यात ४० कामगार आहेत. वर्षातून एकदा दिवसभराचं सुरक्षा प्रशिक्षण होतं, हजेरीपटावर सगळे सह्या करतात. तरी बोट चिरणं, डोळ्यात कण जाणं थांबत नाही. यंदा नियोजन कसं करावं?

उत्तर : विषयांची यादी इतक्यात करू नका. वर्षभराची अपघात नोंदवही घेऊन एकेका यंत्रापाशी जा. थोडक्यात टळलेले प्रसंग नोंदवहीत सहसा येत नाहीत. ते कामगारांनाच विचारा. घाईत कोणती पायरी गाळली जाते, हेही तिथंच कळेल. गार्ड (फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण) बसवून जो धोका जाईल तो देखभाल विभागाकडे सोपवा. उघड्या बेल्टला जाळी न लावता ‘जपून काम करा’ असं शिकवणं हा कामगारावर अन्याय आहे.

उरलेलं कामानुसार वाटा. सरसकट सूचना घातक ठरते. ‘हातमोजे घाला’ हे पत्रा उचलणाऱ्यासाठी योग्यच. पण ड्रिल मशीनवर मोजा फिरत्या ड्रिलमध्ये गुंडाळला जातो आणि हात आत ओढला जातो. तिथं मोजे काढायचे, जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळायचा, मशीन थांबवूनच ब्रशनं चुरा झाडायचा. दुरुस्तीवाल्यांचा धडा वेगळा : मेन स्विच बंद, त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, यंत्रात दाबाखाली साठलेली हवा सोडून द्यायची आणि शेवटी स्टार्टचं बटण दाबून यंत्र खरंच मेलंय याची खात्री. ही शेवटची पायरीच बहुतेक जण विसरतात.

दिवसभराच्या व्याख्यानाऐवजी पाळीच्या सुरुवातीला ६ ते ८ जणांना २० मिनिटं घ्या. निम्मा वेळ त्यांच्या हातांना द्या. हातातलं छोटं अग्निशामक काही सेकंदांतच रिकामं होतं, त्यामुळे पिन शोधण्यात वेळ घालवणं परवडत नाही. प्रत्येकानं स्वतः पिन ओढून, ज्वाळांवर नव्हे तर आगीच्या बुडाशी फवारा मारून पाहावा. रसायन डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा लागतो. म्हणून डोळे मिटून नळापर्यंत पोचण्याचा सराव करून घ्या.

रात्रपाळी आणि कंत्राटी कामगार हमखास सुटतात, त्यांच्या तारखा आधी लावा. नव्या माणसाला यंत्राला हात लावण्यापूर्वीच शिकवा. सुपरवायझरची तुकडी सर्वांत पहिली, कारण माल निघायची घाई असताना त्याचाच शब्द चालतो.

महिन्याभरानं यंत्रापाशी जाऊन ‘करून दाखव’ म्हणा. आठांपैकी तिघं एकाच पायरीवर चुकले, तर आधी तुमची शिकवण्याची किंवा कामाची पद्धत तपासा.